डूख धरलेला विग

मित्रांनो, मी एक जुना विग आहे. जुना म्हणजे किती ते विचारू नका. माझ्या जाळीला दोन ठिकाणी ठिगळं आहेत आणि कानाजवळचे केस उन्हाने तांबूस झाले आहेत, यावरून काय ते समजून घ्या. इतर जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना डोळे पुसतात. फाटकी छत्री रडते, बंद पडलेलं घड्याळ रडतं. मी रडणार नाही. मी डूख धरणारा आहे. माझा अपमान ज्यांनी केला त्यांतल्या एकालाही मी विसरलेलो नाही, आणि ही कहाणी मी उट्टं काढायला कसा निघालो त्याचीच आहे. शेवटी थोडा उपदेशही करीन, कारण तो केल्याशिवाय आम्हा जुन्या वस्तूंना कुणी तोंड उघडू देत नाही.

माझा जन्म एका लांब, अरुंद खोलीत झाला. खिडकीशी एक म्हातारी कारागीर बाई बसायची. तिच्या पुढ्यात लाकडी डोकं, त्यावर ताणून बसवलेली बारीक जाळी, आणि हातात टोकाला आकडा असलेली सुई. कुणा अनोळखी बाईच्या वेणीचे केस तिने धुतले, वाळवले, लांबीप्रमाणे वेगळे केले, आणि एकेक केस जाळीत अडकवून गाठ मारायला सुरुवात केली. दिवसभरात जेमतेम दोन बोटं रुंदीची जागा भरायची. पाठ दुखायला लागली की ती मलाच शिव्या द्यायची. सव्वा महिना मी तिच्या शिव्या खाल्ल्या. शेवटची गाठ मारली त्या दिवशी तिने मला मुठीवर चढवलं, उजेडात गोल फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "ज्याच्या डोक्यावर जाशील, त्याची लाज राख."

प्रत्येक विगाला ती हेच सांगत असणार. पण मी ते मनावर घेतलं.

ज्यांनी मला घेतलं ते स्वतः केस कापणारे होते. हसू नका. टक्कल पडलेला केस कापणारा म्हणजे बोळक्या तोंडाचा दातांचा डॉक्टर. गिऱ्हाईक आत यायचं, आधी त्यांच्या डोक्याकडे बघायचं आणि मग खुर्चीत बसायचं की नाही ते ठरवायचं. एकाच रस्त्यावर दोन दुकानं समोरासमोर होती. पूर्वी ते एकच दुकान होतं, दोघा भावांच्या वडिलांचं. वडील गेल्यावर त्यांच्या जुन्या लोखंडी खुर्चीवरून दोघांत अशी जुंपली, की थोरल्यांनी खुर्ची उचलली, समोरचा गाळा घेतला आणि धाकट्यांशी बोलणं टाकलं. तेव्हापासून सगळा रस्ता त्यांना थोरले आणि धाकटे असंच म्हणायचा. थोरल्यांच्या डोक्यावर पंचावन्नाव्या वर्षीही दाट केस होते आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता. माझे मालक म्हणजे धाकटे.

नऊ वर्षं मी त्यांच्या डोक्यावर बसलो. दुकान खाली आणि घर वर, त्यामुळे माझा सगळा दिनक्रम त्या दोन मजल्यांत असायचा. सकाळी मालकीण दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीचे चार तुकडे कापायच्या, मालक आरशासमोर मान स्थिर धरायचे आणि मी जागेवर बसायचो. संध्याकाळी मालकीणच मला उतरवायच्या. पट्टीच्या कडेला स्पिरिटचे दोन थेंब, मग थोडं थांबायचं, मग पुढून सुरुवात करून दोन्ही हातांनी हळूहळू मागे. नऊ वर्षांत त्यांनी ना माझा केस ओढला, ना मालकांची कातडी. दर रविवारी कोमट पाण्यात आंघोळ आणि मग पालथ्या पातेल्यावर वाळवण. तेव्हा शेजारीण दाराशी आली तर मालकीण माझ्यावर टॉवेल टाकायच्या आणि कणीक भिजवलीय म्हणून सांगायच्या.

आणि माझा मान काय होता म्हणून सांगू! खुर्चीत बसणारी निम्मी गिऱ्हाइकं माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, अगदी तुमच्यासारखे कापा. भिंतीवर हसऱ्या तरुणांचे दहा फोटो लावलेले होते, पण त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. सगळ्यांना मीच हवा असायचो. तुमचे केस कोण कापतं, असं एखाद्याने विचारलंच तर मालक बायकोचं नाव पुढे करायचे, आणि मालकीण आतून खोकायच्या. मी कधी वाढत नाही, हे आठ वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्याचं निम्मं श्रेय माझं. वारा असो, घाम असो, मी जागचा हललो नाही.

मग तो मेळावा आला. केस कापणाऱ्या कारागिरांचा वर्षातून एकदा मोठा मेळावा भरायचा. मंचावर खुर्च्या मांडायच्या, नावाजलेल्या कारागिरांनी सगळ्यांसमोर केस कापून दाखवायचे आणि खाली दोन-तीनशे लोकांनी माना उंचावून बघायचं. त्या वर्षी आमचे मालक आणि थोरले, दोघांनाही बोलावणं होतं. मालक आपलं काम संपवून कैची पुसत उभे होते. थोरले मागून आले आणि कोटावरचा धागा उचलावा तसं त्यांनी मला दोन बोटांत धरून पट्टीसकट उचललं.

"अरे, तुझ्या डोक्यावर हे काय बसलंय?" असं म्हणून त्यांनी मला सगळ्यांना दाखवलं.

तो हशा माझ्या अजून कानात आहे. मला कान नाहीत, पण तुम्हाला कळलं मी काय म्हणतो ते. मी हवेत लोंबकळत होतो, माझ्या पोटातली पट्टी, ठिगळं, सगळं लोकांपुढे उघडं पडलं होतं. मालकांनी मला हिसकावून घेतलं आणि खिशात कोंबलं. त्या दोन बोटांवर मी तिथेच डूख धरला.

डूख मालकांनीही धरला होता. घरी आल्यावर ते दात-ओठ खात म्हणाले, की एक दिवस त्याच मंचावर, त्याच लोकांसमोर त्यालाच सांगणार, ओढ आता. माझे स्वतःचे केस आहेत, हवे तेवढे ओढ. मला वाटलं, राग शांत झाला की विसरतील. पण ते विसरले नाहीत. पुढचा मेळावा पाच आठवड्यांवर आला, तेव्हा त्यांनी दुकानाला दोन दिवस कुलूप घातलं आणि केसांचं रोपण करून घ्यायला एका डॉक्टरबाईंकडे गेले. मी त्यांच्या डोक्यावर बसून गेलो, आणि येताना औषधांच्या पिशवीत मलमपट्टीच्या पुडक्याखाली दबून आलो.

डॉक्टरबाईंनी त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं होतं. मी तिथेच टेबलावर पडलेलो होतो, मी ऐकलं. डोक्याच्या मागचे केस मुळासकट काढून टाळूवर लावतात, पण लावलेले केस तिसऱ्या आठवड्यापासून गळायला लागतात. मूळ आत राहतं, झोपी जातं. तीन-चार महिन्यांनी त्यातून नवा केस येतो आणि डोकं भरलेलं दिसायला वर्ष लागतं. मालक मान डोलवत होते. पण मी नऊ वर्षं दुकानात काढली आहेत, मला ती मान ओळखता येते. मालक गिऱ्हाइकांना तेल कसं लावायचं ते सांगायचे, तेव्हा गिऱ्हाइकं अगदी तशीच मान डोलवायची आणि घरी जाऊन काहीच करायची नाहीत. शिवाय हा त्यांच्या धंद्याचाच दोष. ज्याने जन्मभर कातडीच्या वरचा केस पाहिला, त्याला दिसतो तेवढाच केस खरा वाटतो. लावले म्हणजे लागले, असं त्यांनी डोक्यात पक्कं धरलं.

घरी आल्या आल्या त्यांनी पिशवीतून मला काढलं आणि मालकिणींच्या हातात दिलं. "याला टाकून दे आता," म्हणाले.

नऊ वर्षांच्या चाकरीला एवढंच वाक्य. ना वाईट वाटलं, ना मागे वळून पाहिलं. मित्रांनो, केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मालकिणींनी मला टाकलं नाही. दुकानाच्या मागच्या छोट्या खोलीत, जिथे मालक आरशासमोर डोकं धुवायचे, तिथे मला एका उभ्या दांड्यावर बसवून वरून विरळ कापड घातलं. त्या कापडातून मला सगळं दिसत होतं. आणि मी मनाशी ठरवलं की या माणसाचं वाटोळं मी स्वतःच्या डोळ्यांनी बघणार.

पहिले दोन आठवडे माझा नुसता जळफळाट झाला. मालक उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायचे, दर तासाने डोक्यावर औषधी पाणी फवारायचे आणि त्या पाव बोटाच्या खुंटांकडे बघून गालात हसायचे. बाराव्या दिवशी खपल्या निघाल्या. मग ते समोर एक, मागे एक आणि हातात एक असे तीन आरसे धरून स्वतःला न्याहाळायला लागले. सैल टोपी घालून रस्त्याने हिंडले, आणि चहा घेता घेता चार लोकांना सांगून आले की यंदाच्या मेळाव्यात थोरल्याने माझे केस ओढून दाखवावेत. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या रस्त्यावर पसरली आणि समोरच्या दुकानातून निरोप आला, की हो, ओढणार.

अठराव्या दिवशी सकाळी मालकांनी डॉक्टरबाईंच्या सांगण्याप्रमाणे हलक्या हाताने डोकं धुतलं आणि हात खाली आणला तर तळव्यावर सात-आठ केस. ते तळव्याकडे बघत राहिले. नळ तसाच वाहत होता.

माझ्या मनात उकळ्या फुटल्या, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी वीस केस, तिसऱ्या दिवशी उशीच्या अभ्र्यावर, टोपीच्या आत, फणीला. आसपासचे जुने चुकार केसही त्यांच्याबरोबर निघाले. कापडाआडून मी एकेका केसाला निरोप देत होतो. जा बाबांनो, म्हणत होतो, या घरात केसांची कदर नाही.

मालक आधी घाबरले आणि मग त्यांना राग आला. घाबरलेल्या माणसाला राग फार उपयोगी पडतो. डॉक्टरबाईंनी आपल्याला फसवलं असं त्यांनी ठरवून टाकलं आणि पुरावा जमवायला घेतला. कसा, ते ऐका. माझ्यासाठी आणून ठेवलेली ती चिकटपट्टी, तिचे तुकडे त्यांनी एका पुठ्ठ्यावर लावले आणि रोज गळालेले केस चिमट्याने उचलून त्यावर ओळीने चिकटवले. हात कारागिराचा, त्यामुळे प्रत्येक केस सरळ, प्रत्येक ओळ सारख्या अंतरावर. पट्टी भरली की नवी लावायची. मालकीण एकदा म्हणाल्या, की यापेक्षा डॉक्टरांना फोन तरी करा. तर त्यांच्यावरच ओरडले. त्या दिवशी जेवण वाढताना मालकिणींनी ताट जरा जोरात ठेवलं.

सव्विसाव्या दिवशी टाळू पुन्हा उघडी पडली, वर लालसर ठिपक्यांची रांगोळी. मालक पुठ्ठा काखेत मारून दवाखान्यात गेले. बाहेर बसलेल्या लोकांसमोर तो टेबलावर आपटायचा आणि बाईंची अब्रू काढायची असा बेत होता. तिथे काय झालं ते त्यांनी घरी येऊन सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज बराच खाली आलेला होता. बाईंनी पुठ्ठा उचलून भिंगातून पाहिला. छान चिकटवलंय, म्हणाल्या. मग मालकांना भिंगातून बघायला लावलं. केसाच्या टोकाला कुठे रक्त दिसतं का, मांस दिसतं का? नाही. म्हणजे मूळ आत आहे, केस तेवढा गेला. हे होणार म्हणून मी सांगितलं होतं, बाई म्हणाल्या, तुम्ही मान हलवली होती. आता धीर धरा, चोळू नका, ओढू नका. सैल टोपी चालेल, पण विग चिकटवायचा नाही.

"तुमचं काम कातडीच्या वर, माझं खाली," त्या शेवटी म्हणाल्या. "खालचं दिसत नाही म्हणून ते नाही असं होत नाही."

मालक सुन्न होऊन परत आले होते. मूळ आत आहे हे त्यांना पटलं होतं, पण मूळ मंचावर दाखवता येत नाही. मेळावा नऊ दिवसांवर होता. सगळ्या रस्त्याला त्यांनी स्वतःच आमंत्रण देऊन ठेवलं होतं. जावं तर पुन्हा हसं, न जावं तर थोरले जन्मभर सांगत सुटणार. पुठ्ठा मात्र त्यांनी टाकला नाही. सवय लागली होती, रोज गळेल ते चिकटवत राहिले.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्यावरचं कापड बाजूला केलं.

मी याच क्षणाची वाट बघत होतो. मित्रांनो, माझा बेत ऐकून तुम्हाला माझी भीती वाटेल, पण मी काही लपवणार नाही. पट्टी लागते ती नेमकी कपाळाच्या वरच्या कडेला, म्हणजे जिथे नवी मुळं झोपलेली होती तिथेच. मला एकदा घट्ट बसू द्या. मंचावर थोरले येऊन हिसका देतील आणि मी येताना रिकामा येणार नाही, मुळं घेऊनच येईन. ज्याने मला टाकून दे म्हटलं, त्याच्या डोक्यावर पुन्हा कधी केस उगवू द्यायचा नाही. आणि भावाचं डोकं उजाड केल्याचा ठपका थोरल्यांवर. एका हिसक्यात दोघांचा वचपा निघाला असता.

मालकांनी पट्टीची डबी उघडली. डबी रिकामी होती. मालकांनी फळी चाचपली, खण उपसले, औषधांची पिशवी उलटी केली. पट्टीचा एक तुकडा शिल्लक नव्हता. सगळी पट्टी त्या पुठ्ठ्यावर होती, केसांनी भरलेली, पुन्हा कुठे चिकटण्याच्या कामाची नाही. सूड घ्यायला निघालेल्या माणसाने सुडाच्याच नादात माझी हत्यारं संपवली होती. मला इतका संताप आला की काय सांगू.

मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या बाटलीवर गेली. तिच्यात जाहिराती चिकटवायचा डिंक होता. भिंतीवर लावलेला कागद त्या डिंकातून सोडवताना भिंतीचा रंग निघायचा. त्यांनी बाटलीचं झाकण काढलं. माझी आशा पुन्हा जागी झाली. पट्टीपेक्षा हे दहा पटींनी बरं, मी म्हटलं, लाव.

मालकीण दारात उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत, की हात धरायला धावल्या नाहीत.

"नऊ वर्षं रोज संध्याकाळी मी हा काढला," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कधी दुखू दिलं नाही. आज हा डिंक लावलात, तर संध्याकाळी काढायला माझे हात येणार नाहीत."

मालकांची नजर त्या पुठ्ठ्याकडे गेली.

"पट्टी सगळी गेलेल्या केसांवर संपवलीत," मालकीण म्हणाल्या. "जे आत राहिलेत त्यांचं काय करायचं, ते एकदा ठरवा."

 मग मालकांनी बाटलीला झाकण लावलं आणि स्टुलावर बसले. मालकिणींनी मला दांड्यावरून उचललं, झटकलं, केस सारखे केले आणि काही न लावता नुसतं त्यांच्या डोक्यावर ठेवलं. सैल टोपी चालेल म्हणाल्यात ना डॉक्टर, तर आज हीच टोपी, एवढंच म्हणाल्या आणि मान जपायला सांगितलं.

मालक मान ताठ धरून सभागृहात गेले, जणू डोक्यावर पाण्याने भरलेला पेला आहे. मी वर सुटा. मला धरून ठेवणारं काही नव्हतं आणि मीही कुणाला धरलेलं नव्हतं. तेव्हा मला दुसरी युक्ती सुचली. मुळं हाती लागली नाहीत तर नाहीत. केस कापताना मालक एकदा जरी वाकले, की मी घसरून मंचाच्या मधोमध पडणार. या वर्षी तर थोरल्यांच्या बोटांचीही गरज नाही.

पण मालक वाकले नाहीत. गुडघ्यांत दुमडून, पाठ सरळ ठेवून त्यांनी काम सुरू केलं. शेजारच्या खुर्चीत थोरल्यांचा माणूस बसला होता. अर्धं डोकं कापून होईपर्यंत थोरल्यांनी कसाबसा दम धरला. मग त्यांनी कैची खाली ठेवली, हात पुसले आणि मोठ्याने विचारलं, की धाकट्या, ओढायचे होते ना केस? खाली लोक सरसावून बसले. थोरले मालकांच्या समोर येऊन उभे राहिले आणि तीच दोन बोटं वर आली. मी पडायच्या तयारीत होतो.

तेवढ्यात मालकांचे दोन्ही हात वर आले. पुढून सुरुवात, हळूहळू मागे, मालकीण काढतात तसं. नऊ वर्षांत त्यांनी स्वतःच्या हातांनी मला असं कधी उतरवलं नव्हतं. मला ओशाळल्यासारखं झालं, हे मी कबूल करतो.

"दादा, ओढायचा कशाला," मालक म्हणाले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा भावाशी बोलत होते. "गेल्या वर्षी न विचारता घेतलास, आज मी देतो. नऊ वर्षं याने माझी लाज राखलीय. नीट धर, दोन्ही हातांनी."

त्यांनी मला थोरल्यांच्या ओंजळीत ठेवलं. कुणीही हसलं नाही. मग मालकांनी दोन-तीनशे लोकांसमोर आपलं डोकं खाली वाकवलं आणि ते लाल ठिपके दाखवले. केस कसे लावले, ते कसे गळाले, आपण पुठ्ठा घेऊन बाईंशी भांडायला कसे गेलो, सगळं सांगितलं. पंचवीस वर्षं केस कापतोय पण कातडीखाली काय चालतं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणाले. उद्या तुमच्या खुर्चीत असा कुणी येऊन बसला तर त्याला घाबरवू नका आणि त्याचं डोकं तर अजिबात चोळू नका. एवढं बोलून ते आपल्या खुर्चीकडे वळले आणि उरलेलं काम करायला लागले. या वेळी खुशाल वाकून.

आणि थोरले? थोरले मला धरून उभे. टेबलावर कापलेले केस आणि पाणी सांडलेलं, तिथे मला ठेवता येईना. खिशात कोंबावं तर सगळं सभागृह बघत होतं. एका हाताने धरावं तर दोन्ही हातांनी धर असं सगळ्यांसमोर सांगितलेलं. त्यांचा माणूस अर्धवट कापलेलं डोकं घेऊन आरशात बघत बसला होता आणि त्यांना कैची उचलायला हात मोकळा नव्हता. कार्यक्रम संपेपर्यंत, पुरता एक तास, ज्या बोटांनी मला धाग्यासारखं उचललं होतं त्यांनी मला ओंजळीत सांभाळलं. त्यांच्या तळहातांना घाम फुटला होता. माझ्या सगळ्या आयुष्यात इतकं गोड काही मला मिळालेलं नाही.

मला परत द्यायचं तर भावाशी बोलावं लागणार, आणि टाकून द्यायचं तर लोक नावं ठेवणार. म्हणून थोरल्यांनी मला स्वच्छ टॉवेलात गुंडाळून आपल्या दुकानात नेलं आणि वडिलांच्या खुर्चीच्या वर भिंतीला असलेल्या काचेच्या कपाटात ठेवलं. तिथून रस्त्यापलीकडचं माझं जुनं दुकान मला समोरच दिसतं. पहिले तीन महिने मालकांचं डोकं बोडकंच होतं. कुणी विचारलं तर टोपी काढून दाखवायचे आणि आत आहेत म्हणायचे. चौथ्या महिन्यात एका सकाळी ते आरशाला नाक टेकवून उभे राहिले आणि मग मालकिणींना हाक मारली. काय दिसलं ते मला इतक्या लांबून कळलं नाही, पण मालकीण त्यांच्या कपाळावर बोट टेकवून हसत होत्या. आता वर्ष होत आलं आहे. दाट म्हणता येणार नाहीत, थोडे कुरळे आले आहेत. माझी सर त्यांना येणार नाही, पण त्यांचे आहेत.

रविवारी मालकीण रस्ता ओलांडून येतात, भाऊजींना काही न विचारता कपाट उघडतात आणि मला धुतात. दोघे भाऊ अजून फारसे बोलत नाहीत. पण रविवारी त्या यायच्या आत थोरल्यांनी पाणी कोमट करून ठेवलेलं असतं.

तर मित्रांनो, ठरल्याप्रमाणे उपदेश. जे गळून पडलं त्याच्या ओळी लावत बसू नका, त्या नादात जे आत शिल्लक आहे त्याच्या जिवावर उठाल. आणि ज्याने तुमची लाज राखली त्याला औषधांच्या पिशवीत कोंबू नका. तो विग असेल, चष्मा असेल, नाहीतर आणखी कुणी. उतरवायचाच असेल तर दोन्ही हातांनी उतरवा.

मालकांना मी माफ केलं आहे. थोरल्यांना नाही. ते रोज सकाळी माझ्या कपाटाखालच्या आरशासमोर उभे राहून भांग पाडतात, आणि मी वरून बघतो. गेल्या वर्षी तो भांग दोऱ्याएवढा होता, आता करंगळीएवढा रुंद झाला आहे. हल्ली भांग पाडून झाल्यावर ते जरा वेळ थांबतात. एक दिवस ते मान वर करून माझ्याकडे बघतील. त्या दिवशी मला बनवणाऱ्या म्हातारीचं ऐकायचं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही.